एका पत्राला एक चाल

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ‘सभासदांचे छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला पंचवीस मिनिटं दिली आहेत. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस वेळ आणि हिशेब दोन्ही पाळतो, तेव्हा भेळेची काळजी नसावी. त्यांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी नॉमिनेशन, मृत्युपत्र किंवा मुदत ठेवींवरचं व्याज यावर बोलेन. मी म्हटलं, खेळावर बोलतो. ते माझ्या गुडघ्यांकडे बघायला लागले.

मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे त्याला गुडघे लागत नाहीत. मैदान लागत नाही. दोन खेळाडू एका गावात, एका देशात असण्याचीही गरज नाही. टपालाने आणि आता ई-मेलने खेळायचे डावपेचांचे खेळ, हा माझा चाळीस वर्षांचा छंद. दोघांनी आपापल्या घरी सारखाच पट मांडायचा. एकाने चाल ठरवायची, ती कागदावर लिहून पाठवायची. दुसऱ्याने ती आपल्या पटावर खेळून बघायची, दोन दिवस विचार करायचा आणि उत्तर धाडायचं. एका पत्राला एक चाल. बस, एवढंच.

हे ऐकून माझा नातू म्हणाला, “आजोबा, म्हणजे बफरिंग चालू असलेला गेम!” त्याचं बरोबर आहे. पण हे बफरिंग लोक दोनशे वर्षं आनंदाने करत आले आहेत.

१८२४ साली लंडन आणि एडिंबरा या दोन शहरांच्या बुद्धिबळ क्लबांनी पत्राने सामना सुरू केला. तेव्हा या दोन शहरांमध्ये रेल्वे नव्हती. टपाल घोडागाडीने जायचं. पाच डाव झाले, सामना संपला १८२८ साली. एडिंबराने दोन जिंकले, एक हरले, दोन बरोबरीत सुटले. त्या सामन्यात गाजलेली एक सुरुवात आजही जगभर ‘स्कॉच गेम’ या नावाने खेळली जाते. लक्षात घ्या, हे एकेकट्याचे डाव नव्हते. क्लबातली मंडळी एकत्र बसून, वाद घालून चाल ठरवत. या मुद्द्याकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण माझा एक प्रस्ताव आहे.

आपल्याकडेही हे लगेचच झालं. १८२८-२९ मध्ये मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्राने सामना झाला. मद्रासच्या बाजूने गुलाम कासिम नावाचे नामांकित खेळाडू होते. त्यांनी जेम्स कॉक्रेन यांच्याबरोबर केलेलं एका सुरुवातीचं विश्लेषण १८२९ मध्ये मद्रासलाच छापून निघालं. आपल्या देशात पहिली आगगाडी धावायला त्यानंतर चोवीस वर्षं लागली. पोस्टकार्ड तर आलं १८७९ साली, पाव आण्याला एक. म्हणजे आपल्याकडे टपालाचा डाव पोस्टकार्डापेक्षा पन्नास वर्षांनी मोठा आहे.

पुढे याचं रीतसर जागतिक अजिंक्यपद सुरू झालं. पहिले विजेते ऑस्ट्रेलियाचे सेसिल पर्डी, १९५०-५३. तीन वर्षं चाललेली स्पर्धा! पाचव्या स्पर्धेत, १९६५ ते ६८ मध्ये, अमेरिकेचे हान्स बर्लिनर यांनी सोळापैकी चौदा गुण मिळवले. एकही डाव हरले नाहीत. हे बर्लिनर पुढे संगणकशास्त्रात गेले. रशियाच्या ओल्गा रुबत्सोवा या समोरासमोर बसून खेळायच्या बुद्धिबळातही महिलांच्या जगज्जेत्या होत्या आणि पत्राने खेळायच्या महिला स्पर्धेतही पहिल्या जगज्जेत्या झाल्या. भगिनींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

आता माझं. १९८४ साली माझी बदली कोकणातल्या एका शाखेत झाली आणि माझ्या जिवलग सहकाऱ्याची विदर्भात. त्याआधी तीन वर्षं आम्ही एकाच शाखेत होतो. डबा खाऊन झाला की अर्धा डाव, उरलेला दुसऱ्या दिवशी. बदलीचा हुकूम आला तेव्हा एक डाव अर्धवटच होता. तो म्हणाला, “पोस्टकार्ड पंधरा पैशांना मिळतं. खेळायचं?”

तिथून सुरुवात. कार्ड पोचायला चार-पाच दिवस, विचाराला दोन दिवस, परत चार-पाच दिवस. एका पूर्ण चालीला साधारण बारा-तेरा दिवस. कोकणातला आमचा पहिला डाव चौतीस चालींचा झाला, त्याला चौदा महिने लागले. दोघांची मिळून अडुसष्ट कार्डं, खर्च दहा रुपये वीस पैसे. चौदा महिन्यांची करमणूक याहून स्वस्तात कुठे मिळत असेल तर मला सांगा.

एक गंमत मात्र झाली. आम्ही चाली अक्षरांत न लिहिता आकड्यांत लिहायचो, ते का ते सांगतोच. कार्डावर नुसते चार-चार आकडे आणि खाली ‘बाकी क्षेम’. कार्ड उघडंच असतं, पोस्टमनपासून शिपायापर्यंत सगळे वाचतात. महिनाभराने आमच्या शाखेतला शिपाई हळूच जवळ येऊन म्हणाला, “साहेब, हे आकडे ओपनचे की क्लोजचे?” गावात चर्चा सुरू झाली होती की मॅनेजरसाहेबांना नागपूरकडून मटक्याचे आकडे येतात. दोन जणांनी ते लावलेसुद्धा होते. लागला की नाही ते मी विचारलं नाही. शेवटी शिपायाला पटासमोर बसवून सगळं समजावलं. पुढे तो माझ्यापेक्षा उतावीळ झाला, टपाल आलं की कार्ड नाचवतच यायचा.

आकड्यांबद्दल असा संशय आम्हालाच सोसावा लागला असं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सेन्सॉरने परदेशी टपालातून बुद्धिबळाच्या चाली पाठवायला बंदी घातली होती. हेरांची सांकेतिक भाषा कशावरून नाही, ही शंका.

तर हे आकडे कसले? ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. रशियन माणूस घोड्याला वेगळं नाव देतो, जर्मन वेगळं, आपण वेगळं. आकडे मात्र सगळ्यांचे एकच. पट असा ठेवा की पांढरी मोहरी तुमच्याकडे. उभ्या रांगांना डावीकडून उजवीकडे १ ते ८ आकडे द्या. आडव्या ओळींना आपल्या बाजूकडून समोर जाताना १ ते ८. आता प्रत्येक घराला दोन आकडी पत्ता मिळाला. आपल्या सोसायटीसारखंच, आधी विंग, मग मजला. पाचव्या विंगेत दुसऱ्या मजल्यावर पांढऱ्या राजाचं प्यादं उभं असतं, म्हणजे ५२. ते दोन घरं पुढे गेलं की ५४. चाल लिहायची ५२५४. कुठून निघालं आणि कुठे पोचलं, चार आकड्यांत काम झालं. काळ्यानेही आकडे पांढऱ्याच्याच बाजूने मोजायचे, नाहीतर घोटाळा.

मघाशी स्कॉच गेम म्हटलं ना, तो बघा: ५२५४, काळ्याचं उत्तर ५७५५. मग घोडा ७१६३, काळ्याचा घोडा २८३६. आणि पांढरा ४२४४. झाली सुरुवात. किल्लेकोट करायचा तर फक्त राजाची चाल लिहायची, ५१७१. हत्ती आपोआप सरकला असं समजायचं. प्यादं शेवटच्या घरात पोचून त्याचं मोहरं झालं तर पाचवा आकडा जोडायचा: वजीर १, हत्ती २, उंट ३, घोडा ४. ज्यांनी बँकेत टेलिग्राफिक ट्रान्स्फरचे कोड जुळवले आहेत त्यांना ही पद्धत पाच मिनिटांत येईल. इतरांना दहा.

वेळेचा नियमही टपालाच्या खेळाचा वेगळा. टपालाच्या स्पर्धांत दहा चालींना तीस दिवस अशी मुदत रूढ होती. पण कार्ड टपालात जितके दिवस असेल ते कोणाच्याच खात्यात धरत नाहीत. तुमचं घड्याळ चालू होतं कार्ड हातात पडल्यावर आणि थांबतं ते टाकल्यावर. म्हणून प्रत्येक कार्डावर दोन तारखा लिहायच्या: तुमचं कार्ड अमुक तारखेला मिळालं, उत्तर अमुक तारखेला टाकलं. आमच्या आवक-जावक रजिस्टरचंच हे भावंड.

दुसरी सोय ‘जर-तर’ची. समोरचा एकच खेळी करू शकतो असं दिसलं तर पुढची चाल आधीच लिहून टाकायची. “मी हे खेळतोय. तू ते खेळलास, तर माझं पुढचं हे.” समोरच्याने तेच खेळलं तर एक फेरी वाचली. बँकेत याला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणतात. आणि तिसरा नियम, पाठवलेली चाल परत घेता येत नाही. लिहिताना आकडा चुकला, पण चाल नियमात बसते, तर तीच चाल खेळलेली धरतात. सही करून दिलेल्या चेकसारखं आहे हे.

आता तरुण मंडळी म्हणतील, आम्हाला बुद्धिबळ नको. तुमच्यासाठीही आहे. अमेरिकेत अ‍ॅलन कॅलहॅमर यांनी ‘डिप्लोमसी’ नावाचा खेळ तयार केला, तो १९५९ मध्ये बाजारात आला. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोपचा नकाशा, १९०१ सालापासून सुरुवात. सात खेळाडू, सात सत्ता: इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया, रशिया, तुर्कस्तान. नकाशावर चौतीस ठाणी, अठरा मिळवली की जिंकलात. फासे नाहीत, नशीब नाही. प्रत्येक फेरीआधी आपसांत बोलणी करायची, तह करायचे. मग सगळ्यांनी आपापले हुकूम एकाच वेळी द्यायचे. दिलेला शब्द पाळायचा की मोडायचा, ते तुमचं तुम्ही ठरवायचं. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आदल्या रात्री पार्किंगच्या ठरावासाठी जे फोन फिरतात, तोच हा खेळ.

सात माणसं सात-आठ तास एका टेबलाशी बसणं कठीण. म्हणून १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन बोर्डमन यांनी हा खेळ टपालाने सुरू केला. ‘ग्राउस्टार्क’ नावाचं छोटं पत्रक काढायचे. खेळाडू हुकूम त्यांना पाठवायचे, ते निकाल लावून छापायचे. तह-करारासाठी खेळाडूंची आपसांत पत्रं वेगळीच. आणि योगायोग बघा, ज्यांनी हा खेळ शोधला ते कॅलहॅमर पुढे पोस्टमनची नोकरी करत होते.

१९७० मध्ये रिक लूमिस या अमेरिकन माणसाने टपालाने खेळायच्या खेळांचा व्यवसायच सुरू केला. पुढे त्यांची कंपनी ‘फ्लाइंग बफेलो’ नावाने ओळखली गेली. खेळाडू फी भरून हुकूम पाठवायचे, निकाल संगणक काढायचा आणि छापील कागद टपालाने परत यायचा. म्हणजे घरोघरी संगणक नव्हते तेव्हा लोक टपालपेटीतून संगणकाशी जोडलेले होते! पुढे ई-मेल आला आणि चार दिवसांचा प्रवास चार सेकंदांवर आला. हुकूम ई-मेलने घेऊन आपोआप निकाल लावणारे प्रोग्रॅमही निघाले.

सुरुवात करणाऱ्याने कोणता खेळ निवडावा? माझा सल्ला, ज्यात सगळं पटावर उघड दिसतं तो. पत्ते टपालाने खेळायचे तर पिसणार कोण आणि वाटणार कोण? सारीपाटाचे फासे टाकायचे कोणी, आणि पडलेलं दान खरं कशावरून? त्यासाठी तिसरा माणूस लागतो. बुद्धिबळात लपवायला काहीच नसतं. म्हणून पहिला खेळ बुद्धिबळ. सात जण आणि एक निकाल लावणारा जमला, तर डिप्लोमसी.

आता प्रत्यक्ष कृती. कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

पहिलं, जोडीदार. ओळखीचा निवडा. भाऊ, मेहुणी, जुना वर्गमित्र, परदेशातला नातू. ताकद साधारण सारखी असली तर उत्तम, पण नसली तरी बिघडत नाही, कारण विचाराला भरपूर वेळ असतो.

दुसरं, पहिल्या ई-मेलमध्येच नियम ठरवून टाका. एका चालीला किती दिवस? नवशिक्यांनी तीन दिवस ठेवावेत. रजा किती? वर्षाला तीस दिवस पुरे, पण आधी कळवून. पुस्तक बघायचं की नाही? बघावं, टपालाच्या खेळात ते पूर्वीपासून चालतं. संगणकाची मदत? त्यावर वेगळं बोलतो. पांढरी मोहरी कोणाला, हे ई-मेलवर नाणं उडवून ठरत नाही. आम्ही सेन्सेक्सवर ठरवतो. उद्या बाजार बंद होताना दशांश चिन्हाच्या आधीचा शेवटचा आकडा सम आला तर पांढरी तुझी, विषम आला तर माझी. दोघांनाही दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पडताळता येतं.

तिसरं, पट. या डावासाठी एक वेगळा पट मांडून ठेवा. लोहचुंबकाचा छोटा मिळाला तर फार बरं, कारण कामवाल्या मावशी फडकं मारतात आणि नातवंडं राजा पळवतात. जागा नसेल तर चौकटीच्या वहीत पेन्सिलीने मांडा. चाली करून बघायला दुसरा पट घ्या, मांडलेल्या पटाला हात लावायचा नाही.

चौथं, रजिस्टर. दोनशे पानी वही. रकाने पाच: चालीचा क्रमांक, त्याची चाल, मिळाल्याची तारीख, माझी चाल, पाठवल्याची तारीख. दोन डाव एकदम चालू असले की हे रजिस्टर नसेल तर गोंधळ ठरलेला.

पाचवं, ई-मेलची शिस्त. विषयाच्या जागी डावाचा क्रमांक लिहा आणि त्याच पत्राला उत्तर देत जा, दरवेळी नवं पत्र नको. आणि प्रत्येक पत्रात पहिल्या चालीपासूनची सगळी यादी राहू द्या. दोघांचे पट वेगळे झाले असतील तर ते लगेच सापडतं. दररोज शिल्लक जुळवतो तसंच.

सहावं, चाल सुचली की लगेच पाठवू नका. ड्राफ्टमध्ये ठेवा, रात्रभर झोपा, सकाळी चहाबरोबर पुन्हा बघा. या खेळाची खरी चैन हीच आहे. समोर घड्याळ टिकटिक करत नाही. भाजी आणताना, लिफ्टची वाट बघताना, टँकर येईपर्यंत गच्चीत उभं असताना डोक्यात पट चालू असतो.

सातवं, चालीबरोबर दोन ओळी लिहा. हवापाणी, तब्येत, काय वाचलं, काय खाल्लं. नुसते आकडे पाठवणारे बरोबर खेळायला फार दिवस टिकत नाहीत.

आणि आठवं, सुरुवातीला दोनच डाव घ्या. एक पांढऱ्याने, एक काळ्याने. उत्साहात वीस डाव घेणारे महिन्याभरात गायब होतात, आणि न कळवता गायब होणं ही या खेळातली सर्वांत वाईट वागणूक. हरत असाल तर ‘डाव सोडला, छान खेळलास’ असं लिहून सोडा.

ज्यांना ई-मेलची कटकट नको त्यांच्यासाठी ‘लिचेस’सारखी संकेतस्थळं आहेत. फुकट आहे, जाहिराती नाहीत. तिथे ‘करस्पॉन्डन्स’ प्रकार निवडला की एका चालीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते. पट तेच सांभाळतं. तरीही वही ठेवाच असं मी म्हणेन.

आता संगणकाच्या मदतीचं. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला सामन्यात हरवलं. आज आपल्या खिशातल्या फोनमधला प्रोग्रॅम कोणाही माणसाला हरवतो. मग घरी बसून, दार लावून खेळायच्या या खेळाचं काय राहिलं, असं बरेच जण विचारतात. जागतिक संघटनेच्या स्पर्धांत संगणकाची मदत घ्यायला परवानगी आहे. तिथे सगळेच घेतात, आणि वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. लिचेसवर याउलट, पुस्तक चालतं, पण बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमची मदत घेणं नियमाविरुद्ध आहे.

घरगुती डावात मात्र पंच नाही, ऑडिट नाही. फक्त शब्द. बँकेत आम्ही प्रत्येक व्हाउचरवर दोन सह्या घ्यायचो, कारण एकट्याच्या शब्दावर व्यवहार सोडायचा नाही ही शिकवण होती. हा खेळ त्याच्या बरोबर उलटा. इथे एकट्याच्या शब्दावरच सगळं चालतं. फसवलं तर कोणालाही कळणार नाही, पण मग तो डाव तुम्ही खेळलातच नाही. मुलांना हे समजावण्यासाठी मला यापेक्षा सोपं साधन माहीत नाही. संगणक बंद ठेवून तीन दिवस एका चालीवर विचार केलेला मुलगा वेगळा दिसतो.

आता थोडं माझ्या त्या मित्राबद्दल. आमचा खेळ पोस्टकार्डावरून आंतरदेशीय पत्रावर गेला, मग ई-मेलवर. मध्ये दोघांच्या आठ-दहा बदल्या झाल्या, मुलांची लग्नं झाली, दोघंही निवृत्त झालो. तो आता नागपूरला असतो. पाच वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी फोन केला की वहिनी फोन त्याच्या कानाशी धरायच्या. मी बोलायचो, पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. आणि मग मलाही काही सुचायचं नाही. फोन ठेवला की दिवसभर जीव लागायचा नाही.

आमचा एक डाव तेव्हा एकोणिसाव्या चालीवर थांबला होता. चाल त्याची होती. दोन महिन्यांनी एका सकाळी ई-मेल आला. खाली क्षेम नाही, वर नमस्कार नाही. फक्त चार आकडे. वहिनींनी नंतर सांगितलं, “भावजी, डाव्या हाताच्या एका बोटाने अर्धा तास लावून टाइप केलंय. मला हातसुद्धा लावू दिला नाही.” मी पट काढून मांडला. चाल उत्तम होती.

मी डॉक्टर नाही. खेळाने आजार बरा होतो असं मी म्हणत नाही, त्याची वाचा अजूनही आलेली नाही. पण ज्या माणसाला ‘पाणी’ हा शब्द म्हणता येत नाही, तो रोज माझ्याशी चार आकड्यांत वाद घालतो. कधी अशी चाल करतो की मला त्याचं हसू इथे ऐकू येतं. आम्ही आता रोज एक चाल खेळतो, सकाळी दहाच्या आत. आपण पेन्शनर लोक नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देतो ना, तसा तो मला रोज सकाळी देतो आणि मी त्याला. दहापर्यंत चाल आली नाही तर मी वहिनींना फोन करतो. पाच वर्षांत असं चार वेळा झालं. तीनदा इंटरनेट बंद होतं. एकदा त्याला ताप भरला होता आणि वहिनी एकट्याच घाबरून बसल्या होत्या. माझ्या फोनमुळे त्यांचा भाचा वेळेत पोचला.

मंडळी, हे मी आज या हॉलमध्ये का सांगतोय? आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. आपण राहायला आलो तेव्हा खाली सायकली मावत नव्हत्या, इतकी मुलं होती. आता छप्पन्न फ्लॅटपैकी सोळा घरांत फक्त ज्येष्ठ राहतात. त्यातल्या सात घरांत एकेकटे. मी मोजलं आहे. गेल्या पावसाळ्यात एका दाराशी दुधाची पिशवी दुसऱ्या दिवशीही तशीच पडलेली वॉचमनने पाहिली, म्हणून आपल्याला कळलं की आत काय झालं आहे. ते सभासद आज सुखरूप आहेत, पुढच्या रांगेत बसले आहेत, नाव घेत नाही. पण दुधाच्या पिशवीवर किती दिवस भरवसा ठेवायचा?

मुलं बाहेर आहेत, त्यांचा दोष नाही. व्हिडिओ कॉल होतात. ‘जेवलात का, औषध घेतलं का’ यापुढे बोलणं सरकत नाही, कारण दोघांच्या दिवसांत समान असं काहीच उरलेलं नाही. डाव चालू असला की ते मिळतं. तिकडे रात्र असते तेव्हा आपली सकाळ असते, याची या खेळात अडचण नाही, उलट सोयच. झोपेतून उठल्यावर चाल आलेली असते. ह्यूस्टनचा नातू ‘आजोबा, तुम्ही माझा उंट का खाल्लात?’ असं विचारेल तर त्याला मराठीत उत्तर द्यावं लागेल. तेही काम होईल.

म्हणून माझे दोन प्रस्ताव आहेत, आणि अध्यक्ष महाराज, यांना सर्वसाधारण सभेची मंजुरी लागत नाही.

एक, लंडन विरुद्ध एडिंबरासारखा ए विंग विरुद्ध बी विंग सामना. प्रत्येक विंगेचे तिघांचे मंडळ: एक जण पंधरा वर्षांच्या आतला, एक साठीच्या पुढचा, तिसरा किंवा तिसरी कोणीही. चालीला मुदत तीन दिवस. चाल तळमजल्याच्या नोटीस बोर्डावर लावायची, टँकरच्या नोटिशीशेजारी. पट मी देतो, तो सोसायटी ऑफिसच्या काचेच्या कपाटात मांडलेला राहील. बाकीच्यांनी येता-जाता सल्ले द्यायला हरकत नाही, तसेही आपण देतोच.

दोन, ज्यांना हवं त्या ज्येष्ठांना मी जोडीदार लावून देईन. एक चाल रोज, सकाळी दहाच्या आत. ई-मेल, मोबाइलचा मेसेज, किंवा दाराखालून चिठ्ठी, काहीही चालेल. बुद्धिबळ येत नसेल तर रविवारी संध्याकाळी पाच वाजता ऑफिसात या, मी शिकवतो. नियम एकच. दहापर्यंत चाल आली नाही, तर जोडीदाराने फोन करायचा. फोन उचलला नाही, तर वर जाऊन बेल वाजवायची.

नावं माझ्याकडे द्यावीत, बी विंग, तिसरा मजला. ई-मेलने दिलीत तर विषयाच्या जागी ‘डाव’ लिहा, म्हणजे बाकीच्या पत्रांत हरवणार नाही.

पंचवीस मिनिटं झाली. भेळ घ्यावी.